हिवतापाच्या योजना कोणी आखल्या, आणि कोणाला वगळून?

दरवर्षी पावसाळा लागला की शहरात एक ठरलेली चर्चा सुरू होते. तापाचे रुग्ण वाढतात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजारच्या वस्तीचे फोटो फिरू लागतात. उघडी गटारे, कचऱ्याचा ढीग, ताडपत्रीची छपरे. खाली निष्कर्ष लिहिलेला असतो : या लोकांमुळे मलेरिया पसरतो. पुढची मागणीही ठरलेली असते. वस्ती हटवा.

मित्रहो, या निष्कर्षाला आधी विज्ञानाच्याच कसोटीवर घासून बघू. मलेरिया, म्हणजे हिवताप, पसरवतो तो अॅनॉफिलीस जातीचा डास. आपल्या शहरांत त्याचा मुख्य प्रकार आहे अॅनॉफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याला गटाराचे पाणी मानवत नाही. तो अंडी घालतो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात. गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, कारंजी आणि बांधकामाच्या जागी साठवलेले पाणी ही त्याची घरे. गटारात वाढतो तो क्युलेक्स, आणि तो हत्तीरोग पसरवतो. वस्तीतही पिंपात पाणी साठवलेले असते, हे आम्ही नाकारत नाही. पण नळाला दिवसातून तासभर पाणी येत असेल तर माणूस पाणी साठवणार नाही तर काय करणार? आणि शेजारच्या टॉवरच्या टाकीला झाकण नाही, त्याचा फोटो ग्रुपवर का येत नाही?

घाण दिसली की रोग तिथलाच, आणि घाणीजवळ राहणारा माणूस म्हणजेच रोग, ही विचारपद्धती सूक्ष्मदर्शकातून आलेली नाही. ती कुठून आली हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण ती फक्त सोसायटीच्या ग्रुपपुरती असती तर आम्ही एवढे लिहायला बसलो नसतो. गेल्या सव्वाशे वर्षांत उष्ण कटिबंधातल्या देशांत हिवतापाविरुद्ध ज्या सरकारी योजना झाल्या, त्यांच्या आखणीतही ही दृष्टी शिरलेली आहे. तो इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे. आरोग्याचा प्रश्न म्हणजे डॉक्टरांचा प्रश्न, असे समजून आपण तो फार दिवस बाजूला ठेवला आहे.

सुरुवात सिकंदराबादपासून करू. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या इंग्रज लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. तो दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. १९०२ साली रॉसला नोबेल मिळाले. हे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसतो तो हुसेन खान. रॉसचे डास ज्या रुग्णाला चावले तो हा माणूस. मच्छरदाणीत झोपायचे, डास सोडले जायचे, आणि चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळायचा. त्याच्या आधी, १८९५ साली, लछमन नावाच्या एका नोकराला रॉसने मेलेल्या डासांचे पाणी प्यायला दिले होते. पाण्यातून रोग होतो का हे बघायचे होते. रॉसच्या चिकाटीबद्दल आम्हाला आदर आहे; विज्ञान कोणाच्या बापाचे नसते आणि त्याचा शोध सगळ्या मानवजातीच्या कामी आला. पण त्या शोधाला लागलेली शरीरे कोणाची होती आणि त्यांचा भाव काय ठरला होता, याची नोंद आपण ठेवलीच पाहिजे. एक आणा हा आकडा लक्षात असू द्या. लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

डास हा वाहक आहे हे कळल्यावर साम्राज्यासमोर प्रश्न आला : आता करायचे काय? रॉसचे म्हणणे होते, डासांची पैदास थांबवा. डबकी बुजवा, पाण्याचा निचरा करा. हे सगळ्यांच्या फायद्याचे होते आणि म्हणूनच खर्चिक होते. दुसरा मार्ग स्वस्त होता. १९०० च्या सुमारास रॉयल सोसायटीच्या मलेरिया आयोगाचे स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स हे दोघे डॉक्टर पश्चिम आफ्रिकेत गेले. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात मोठ्या प्रमाणावर परजीवी असतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून काढलेला सल्ला असा होता की गोऱ्यांनी आफ्रिकी वस्तीपासून दूर राहावे. मुलांना औषध द्या, हे सुचण्याआधी मुलांपासून लांब राहा, हे सुचले.

सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउन शहराच्या वर डोंगरावर १९०४ साली 'हिल स्टेशन' नावाची वसाहत उभी राहिली, फक्त युरोपियनांसाठी. आफ्रिकी नोकर दिवसा तिथे काम करायचे. रात्री मात्र त्यांना तिथे राहायला परवानगी नव्हती, कारण हा डास रात्री चावतो. दिवसा हातचे काम चालते, रात्री सावली नको! आपल्या वाचकांना हा नकाशा ओळखीचा वाटेल. आपल्याकडे गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना शास्त्राचा आधार होता, फ्रीटाउनमध्ये विज्ञानाचा होता. दोन्ही ठिकाणी श्रम आत आणि माणूस बाहेर. आणि दुसरा रस्ता नव्हताच असेही नाही. लागोसचा गव्हर्नर विल्यम मॅकग्रेगर हा स्वतः डॉक्टर होता. त्याने अशा वेगळ्या वसाहतीला विरोध केला आणि कोयनेल, निचरा, आरोग्यशिक्षण सर्वांसाठी असावे असा आग्रह धरला. म्हणजे त्या काळातही निवड होती. निवड करणाऱ्याचे मन कसे आहे यावर योजना ठरत होती.

हेच ख्रिस्तोफर्स पुढे भारतात आले आणि त्यांनी पंजाबातल्या १९०८ च्या भयंकर साथीचा अभ्यास केला. १९११ साली त्यांचा अहवाल आला. त्यात त्यांनी दाखवले की साथीची मरणे नुसत्या पावसाने समजत नाहीत, धान्याचे भावही बघावे लागतात. पाऊस भरपूर आणि त्याआधी महागाई, टंचाई असे जुळून आले की ताप जीवघेणा होतो. डास सगळ्यांना चावतो, पण उपाशी माणूस मरतो. इतका मोठा निष्कर्ष सरकारी अहवालात छापून आला आणि धोरणाच्या टेबलावर मात्र कोयनेलच्या पुड्या आणि डबक्यांचीच चर्चा राहिली. पोटाचा प्रश्न आरोग्य खात्यात बसत नव्हता. कालव्यांचेही तसेच. १८४० च्या दशकातच डेम्प्स्टर या डॉक्टरने यमुनेच्या कालव्यांजवळच्या गावांत लोकांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली पानथरी मोजली होती आणि निचऱ्याविना कालवे काढले की ताप वाढतो हे सांगितले होते. पानथरी मोजण्याची ही रीत पुढे जगभर वापरली गेली. कालव्यांना निचरा देण्याची रीत तेवढ्या उत्साहाने वापरली गेली नाही.

आता मुंबई. गोदीची आणि इतर मोठी बांधकामे चालू असताना शहरात हिवताप भडकला. चौकशीचे काम चार्ल्स बेंटली यांच्याकडे आले आणि १९११ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दोष निघाला विहिरींचा आणि टाक्यांचा. फोर्टसारख्या भागांतल्या घरोघरच्या खाजगी विहिरींमध्ये स्टीफेन्सी वाढत होता. उपाय सरळ होता, विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका. पण विहीरमालकांनी धर्म पुढे केला. हिंदू आणि पारशी, दोघांनीही. पूजेला विहिरीचेच पाणी लागते, विहिरीला सूर्यप्रकाश लागतो, वगैरे. शेवटी झाकणे, जाळीच्या झडपा असल्या तडजोडी निघाल्या.

हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. या घटनेनंतर सोळा वर्षांनी, १९२७ साली, महाडला बाबासाहेबांना माणसांना पाणी पिता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. ज्या धर्माने माणसाला तळ्यावर येऊ दिले नाही, त्या धर्माच्या नावाने मुंबईत डासाच्या विहिरीला संरक्षण मिळाले. यावर आणखी टिप्पणी करायची गरज नाही.

बेंटली पुढे बंगालचे आरोग्य संचालक झाले. तिथे त्यांनी १९२५ च्या सुमारास एक वेगळीच मांडणी केली. बंगालमध्ये रेल्वेचे आणि नद्यांचे बांध घातल्यामुळे पुराचे गाळाचे पाणी शेतात येणे बंद झाले. जमीन नापीक झाली, लोक खंगले, साचलेल्या पाण्यात डास वाढले, आणि 'बर्दवान ताप' म्हणून ओळखल्या गेलेल्या साथींनी दामोदर नदीचा सगळा प्रदेश उजाड झाला. म्हणजे हिवताप हा शेतीचा, पाण्याचा आणि बांधकामाचा प्रश्न आहे. एकट्या आरोग्य खात्याने तो सुटणार नाही.

दामोदर हे नाव आले म्हणून आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन, वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. संविधानावर आपण इतके बोलतो की या चार वर्षांतले त्यांचे काम झाकले जाते. १९४३ साली दामोदरला मोठा पूर आला. त्यानंतर पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक हे सगळे एकत्र बघणारी योजना मजूर खात्याने पुढे नेली. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. समोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. टेनेसीत धरणाच्या पाण्याची पातळी ठरावीक काळाने वरखाली करून डासांच्या अळ्या काठावर सुकवून मारल्या जात. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला, त्यात महामंडळाच्या कामांमध्ये सार्वजनिक आरोग्याचे संवर्धन स्पष्टपणे घातलेले आहे. धरण बांधणाऱ्याने तापाचीही जबाबदारी घ्यायची, ही कल्पना कायद्यात आली. प्रत्यक्षात त्या धरणांनी संथाळ आदिवासींसह हजारो कुटुंबे उठवली, हेही इतिहासात आहे आणि ते लपवून आपले भले होणार नाही.

दुसरे काम कोळसा खाणींचे. झरिया आणि राणीगंजच्या खाणींत आदिवासी आणि अस्पृश्य समाजातले मजूर मोठ्या संख्येने होते. हिवतापाने खाणींच्या वस्त्या पोखरल्या होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवाखाने यांवर खर्च करायचा. या निधीतून कोळसा क्षेत्रात हिवतापविरोधी मोहीम उभी राहिली. वटहुकुमाची जागा १९४७ च्या कायद्याने घेतली. त्यात सल्लागार समितीवर खाणमालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत आणि किमान एक स्त्री सदस्य असावी, अशी तरतूद आहे.

कोणी म्हणेल, यात काय मोठे? युद्धासाठी कोळसा हवा होता म्हणून इंग्रज सरकारला मजूर जगवायचे होते. खरे आहे. त्याच १९४३ साली सरकारने स्त्रियांना खाणीत उतरवण्यावरची बंदी उठवली, आणि विधिमंडळात त्या निर्णयाचे समर्थन मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनाच करावे लागले. ती बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. आम्ही या गोष्टी वगळून भक्तीचा इतिहास लिहू इच्छित नाही. पण योजनेची रचना बघा. पैसा कुठून येणार हे ठरलेले : मजुराच्या घामातून जो माल निघतो त्यावर कर. कोणाच्या वतीने कोण बोलणार हे ठरलेले : समितीत मजूर आणि मालक बरोबरीने. हिवतापापासून संरक्षण ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही. त्याआधीच्या आणि नंतरच्याही फार थोड्या हिवताप योजनांत रुग्णाला अशी खुर्ची मिळालेली आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज आहे. लोकसंख्या तेव्हा ३५ कोटींच्या आसपास होती. याच सुमारास हातात डीडीटी आले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ पासून कारवार आणि धारवाड भागांत घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग यशस्वी करून दाखवले. रक्त पिऊन डास भिंतीवर विसावतो आणि तिथेच मरतो, एवढी साधी ही युक्ती. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेची मदत होती, डीडीटी होते, जीपगाड्या होत्या. पाच वर्षांत रुग्णसंख्या अंदाजे वीस लाखांवर आली.

आपल्यातले काही मित्र अशा सगळ्या मोहिमांना सरसकट परकीय कारस्थान म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. या फवारणीने आपल्या आज्या-पणज्यांची मुले वाचली. तराईसारखे प्रदेश वस्तीयोग्य झाले. बाबासाहेबांच्या अनुयायाने विज्ञानाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे.

मे १९५५ मध्ये मेक्सिको सिटीत भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेने ठरवले की हिवताप आटोक्यात ठेवण्यावर थांबायचे नाही, त्याचे निर्मूलन करायचे. त्याला अनुसरून १९५८ साली भारताच्या कार्यक्रमाचे नाव बदलून निर्मूलन झाले. पण जिथे हा रोग सर्वांत जास्त होता त्या सहारापलीकडच्या आफ्रिकेचा बहुतेक भाग या 'जागतिक' मोहिमेच्या बाहेरच राहिला. तिथे रस्ते नाहीत, आरोग्यसेवा नाही, म्हणून नंतर बघू. सेवा नाही म्हणून योजना नाही, आणि योजना नाही म्हणून सेवा नाही! १९६९ ते १९७६ या काळात उत्तर नायजेरियात गार्कीला प्रयोग झाला, फवारणी आणि औषधे देऊन. रोग खूप उतरला, पण थांबला नाही, आणि प्रयोग संपल्यावर परत आला. आजही जगातल्या हिवतापाच्या मृत्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आफ्रिकेत होतात, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले.

भारताच्या आराखड्यात चार टप्पे होते : तयारी, हल्ला, दृढीकरण, देखभाल. हल्ल्याच्या टप्प्यात फवारणी पथके यायची. भिंतीला बोलायचे नसते, फवारायचे असते. हा टप्पा दिमाखात पार पडला. १९६१ साली देशात फक्त ४९,१५१ रुग्ण नोंदले गेले. १९६५ मध्ये मृत्यूंची नोंद शून्य. दृढीकरणाच्या टप्प्यात मात्र भिंतीऐवजी माणसाकडे जायचे होते. साधारण दहा हजार लोकवस्तीमागे एक कर्मचारी, त्याने दर पंधरवड्याला घरोघरी जाऊन ताप विचारायचा, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, ते प्रयोगशाळेत पाठवायचे. यासाठी गावात कायमचा दवाखाना हवा, कायमचा कर्मचारी हवा, आणि तो गावातल्या प्रत्येक दारात जाणारा हवा. तो पाया नव्हताच.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचे वडील ऐंशीच्या दशकात हंगामी फवारणी मजूर होते. पाठीवर पंप, अंगावर पांढरा थर, संध्याकाळी डोळे लाल. ते सांगतात, वरच्या आळीत ओसरीपर्यंत येऊ द्यायचे. स्वयंपाकघर आणि देवघर "राहू द्या" म्हणायचे. भिंत बाटेल ही भीती औषधाची होती की माणसाची, ते कोणी उघड बोलायचे नाही. वहीत मात्र "पूर्ण घर" असे लिहायला सांगितले जायचे, कारण उद्दिष्ट भरायचे असे. आपल्या वस्तीत सगळ्या खोल्या फवारल्या जायच्या, म्हणजे असलेली एक खोली. पण दिवाळीपूर्वी भिंती सारवल्या की औषध मातीखाली जायचे, आणि फवारणीचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी कधी सारवलेल्या घरात राहून पाहिले नव्हते. स्वयंपाकघर आणि देवघरात फवारणी करू न देणे आणि फवारल्यावर भिंत सारवणे, या दोन्ही गोष्टी पुढे भारतातल्या हिवताप अभ्यासांत वारंवार नोंदल्या गेल्या. अभ्यासांत त्याला 'लोकांचा असहकार' म्हणतात. सगळ्यांना एकच शब्द, जणू देवघर राखणारा आणि घर सारवणारी बाई एकाच पंक्तीत बसतात!

बाकीची कारणे पुस्तकांत सापडतात. पंचमहाल जिल्ह्यात १९५९ च्या सुमारास अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस या ग्रामीण डासाने डीडीटीला दाद देणे सोडल्याचे आढळले. शेतीतही कीटकनाशकांचा मारा चालू होता. परदेशी मदत आटली, १९७३ नंतर तेलाबरोबर डीडीटीचे भाव चढले. काचपट्ट्या तपासणीविना पडून राहू लागल्या; रुग्ण बरा व्हायचा किंवा मरायचा, मग अहवाल यायचा. आणीबाणीत आरोग्य कर्मचाऱ्यांना नसबंदीच्या उद्दिष्टांना जुंपले गेले. १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ साली अवघे १७ रुग्ण उरले होते, १९६९ पर्यंत ते पाच लाखांच्या वर गेले. भारताने १९७७ मध्ये सुधारित कार्यआराखडा आणला आणि निर्मूलनाची भाषा काही काळ गुंडाळून ठेवली. श्रीलंकेने मात्र पुढे गावागावांत पोचणारी, मोफत आरोग्यसेवा टिकवली, यादवी युद्धातही देखरेख सोडली नाही, आणि २०१६ साली तो देश हिवतापमुक्त जाहीर झाला. उष्ण कटिबंधातला, गरीब, युद्धाने पोळलेला देश. त्यामुळे हवामान आणि गरिबी यांच्यावर खापर फोडणाऱ्यांना आता दुसरी सबब शोधावी लागेल.

आता आकड्यांकडे वळू. जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्या चळवळीला हे लगेच कळेल. हिवतापाची योजना आखली जाते ती दर हजारी किती रुग्ण सापडले यावरून. जिथे आकडा जास्त तिथे फवारणी, मच्छरदाण्या, पैसा. पण रुग्ण सापडतो कधी? कोणी रक्त तपासले तर. ज्या पाड्यावर कर्मचारी पोचलाच नाही, तिथला आकडा शून्य, आणि शून्य म्हणजे कागदावर निरोगी पाडा. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना लक्षणे विचारून केलेला. त्यात अंदाज निघाला की भारतात सत्तरीच्या आत वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार माणसे हिवतापाने मरतात. तेव्हा सरकारी आकडा होता हजाराच्या आसपास आणि जागतिक आरोग्य संघटनेचा १५ हजार. या अंदाजावर खूप वाद झाला. नातेवाइकांच्या सांगण्यावरून इतर तापही हिवतापात धरले जातात, असा आक्षेप आला आणि तो वजनदार आहे. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट वादापलीकडची आम्हाला वाटते : यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत, घरीच, कोणत्याही दवाखान्याबाहेर झाले होते. आकडा काहीही धरा, मरणारा माणूस नोंदवहीपर्यंत पोचलाच नव्हता.

२०१८ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीचा अहवाल आला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण हिवतापाच्या रुग्णांत ३० टक्के, मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक फाल्सिपॅरम प्रकारात ६० टक्क्यांहून अधिक आणि हिवतापाच्या मृत्यूंत ५० टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात गडचिरोलीचे नाव यादीत वर का असते, हे यावरून समजते. सरकारी कागदांत अशा भागांना 'दुर्गम' म्हणतात. दुर्गम कोणापासून? खनिज काढायला ट्रक जातो तेव्हा तोच भाग दुर्गम नसतो.

ओडिशाने २०१७ मध्ये 'दमन' नावाची मोहीम काढली. दुर्गम पाड्यांवर शिबिरे भरवून ताप असो वा नसो, सगळ्यांचे रक्त तपासायचे, ज्यांच्या रक्तात परजीवी सापडतील त्यांना तिथेच औषध द्यायचे. त्याच काळात औषधयुक्त मच्छरदाण्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. त्या राज्यात २०१६ साली ४ लाख ४४ हजारांवर रुग्ण होते, २०१८ मध्ये ते ६६ हजारांच्या आसपास आले. कोणताही नवा शोध लागला नव्हता. तपासणीचे किट जुने, औषध जुने. वाट बघत बसायचे सोडून माणसाकडे जायचे, एवढाच बदल झाला. त्यातही आम्हाला एक उणीव दिसते : शिबिर कुठे आणि कधी भरवायचे हे वरूनच ठरत होते, आणि मोहीम संपल्यावर तपासणी चालू राहील याची हमी पाड्याच्या हातात नव्हती. कोळसा खाणींच्या समितीत मजुराला जी खुर्ची मिळाली होती, ती इथे पाड्याला मिळाली नाही.

आज देशाचे उद्दिष्ट आहे २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि २०३० पर्यंत निर्मूलन. म्हणजे आपण पुन्हा दृढीकरणाच्या टप्प्यात उभे आहोत, जिथे १९६० च्या दशकात गाडे उलटले होते. आता घरोघरी जाऊन रक्त घेणारी आहे आशाताई. ती सरकारी कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. अनेक ठिकाणी ती आपल्याच वस्तीतली बाई आहे. वेतन नाही, पेन्शन नाही, कामागणिक मोबदला. हिवतापाच्या एका रक्तनमुन्यासाठी केंद्राने ठरवलेला दर १५ रुपये आहे, आणि रुग्णाचा पूर्ण उपचार करून घेतला तर २०० रुपये.

हुसेन खानला एका डासामागे एक आणा मिळत होता.

आमच्या शाखांतल्या तरुणांनी या पावसाळ्यात एक काम करावे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : गेल्या वर्षी कोणत्या वस्तीत, कोणत्या पाड्यावर किती रक्तनमुने घेतले, नमुना घेतल्यापासून अहवाल यायला किती दिवस लागले, आणि आशाताईंचा मोबदला किती महिने थकला आहे. उत्तरे आली की ती गावाच्या नकाशावर मांडा, आणि कोणत्या बाजूला शून्य भरले आहेत ते ग्रामसभेत वाचून दाखवा.